वळणावरचं काम

स्लॉट कारला स्टिअरिंग नसतं. गाडीच्या नाकाखाली एक छोटं पातं असतं, ते ट्रॅकमध्ये कोरलेल्या खाचेत बसतं आणि खाच नेईल तिकडे गाडी जाते. खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या बारीक तारांची विणलेली चपटी पट्टी असते, तिच्यातून गाडीला वीज मिळते. खेळणाऱ्याच्या हातात एक कंट्रोलर, त्याला एकच ट्रिगर. दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. एवढं सांगून झालं की मोठी माणसं हमखास विचारतात, मग यात चालवायचं काय?

चालवायचं ते वळण. गाडीचं नाक खाचेत अडकलेलं असतं, पण शेपूट मोकळं असतं. वळणात वेग जास्त झाला की शेपूट बाहेर फेकलं जातं. थोडं फेकलं गेलं तर गाडी देखणी दिसते आणि वेळही फार जात नाही. त्याच्या पुढे केसभर गेलात की पातं खाचेतून उचकटतं आणि गाडी ट्रॅकवरून उडते, कधी शेजारच्या लेनमध्ये, कधी सरळ जमिनीवर. ट्रिगर कुठे सोडायचा आणि पुन्हा कुठे धरायचा, एवढ्या एका गोष्टीवर लोकांनी आयुष्यं घातली आहेत. पण मला आज लिहायचं आहे ते त्या उडालेल्या गाडीबद्दल. ती उचलून परत खाचेत कोण ठेवतं, त्याबद्दल.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मार्चमध्ये इचलकरंजीहून आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आले. ज्यांचे आईवडील असे सहा महिन्यांसाठी येतात त्यांना पुढचं सांगायला नको. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात, मग दिवस लांबायला लागतात. गाडी चालवता येत नाही, पायी जाण्यासारखं फार काही नसतं, आणि घरात काही करायला घेतलं की आपणच म्हणतो, ‘राहू द्या अण्णा, तुम्ही बसा.’ अण्णांनी आयुष्यभर मोटरी भरल्या. यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचं वाइंडिंगचं दुकान होतं. लूमच्या मोटरी, विहिरीवरचे पंप, उन्हाळ्यात पंखे, लग्नसराईत मिक्सर. रात्री नऊला कुणी जळकी मोटर खांद्यावर घेऊन आला तर सकाळच्या पाळीआधी ती भरून द्यायची, कारण माग थांबला की त्या घरातली मजुरी थांबते. अशा माणसाला ‘तुम्ही बसा’ म्हणणं ही काय शिक्षा आहे, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर रोज दिसत होतं.

माझ्या मुलाला, ईशानला, घरात एक स्कॅलेक्स्ट्रिकचा सेट आहे. १:३२ मापाच्या दोन गाड्या आणि प्लास्टिकचा आठच्या आकड्यासारखा ट्रॅक. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रज कारखानदाराने आधी स्प्रिंगवर पळणाऱ्या पत्र्याच्या छोट्या रेसिंग गाड्या काढल्या होत्या, स्कॅलेक्स नावाच्या. त्याच गाड्यांना त्याने विजेची मोटर बसवली आणि १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत मांडल्या. स्कॅलेक्सला इलेक्ट्रिक जोडून स्कॅलेक्स्ट्रिक. आजच्या सेटमधल्या गाड्यांच्या पोटात एक लोहचुंबक असतं, ते ट्रॅकमधल्या लोखंडी पट्टीला धरून ठेवतं, त्यामुळे लहान मुलांची गाडी वळणात सहसा उडत नाही. मला हे चुंबक फारसं आवडत नाही. वळणातली सगळी भीती ते स्वतःकडे घेतं आणि मग मूल ट्रिगर दाबून नुसतं उभं राहतं. ईशानलाही याचा कंटाळा यायला लागला होता. त्याच्या वाढदिवसाला आम्ही तिघं सकाळी लवकर निघालो, ७८ नंबरच्या हायवेने पश्चिमेला, डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात. रेसिंगचं वेड असलेला हा मुलूख आहे. मारिओ आंद्रेती यांचं नाझरेथ गाव इथलंच. फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद आणि इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत, दोन्ही जिंकलेला हा माणूस. पाटी दिसल्यावर ईशानने अण्णांना त्याची सगळी कुंडली ऐकवली.

आम्ही जिथे चाललो होतो तो रेसवे, म्हणजे स्लॉट कारच्या शर्यतींचा हॉल, बाहेरून कुणाच्या लक्षातही येणार नाही असा होता. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला गालिच्यांचं दुकान, मध्ये काळ्या काचेचं दार. आत शिरताच जो वास आला त्याने अण्णा जागीच थांबले. “कुणाची तरी कंबर धरलीया,” ते म्हणाले. आयोडेक्समध्ये जे गंधपुऱ्याचं तेल असतं, तेच इथे विंटरग्रीन ऑइल म्हणून टायरना लावतात. रबर त्याने जरा मऊ पडतं आणि पकड वाढते. पिढ्यान्‌पिढ्यांची ही युक्ती, त्यामुळे अमेरिकेतल्या जुन्या रेसवेंना हा वास भिंतींपर्यंत मुरलेला असतो. त्याच्याखाली दुसरा एक वास होता, डिंकासारख्या चिकट रसायनाचा. ट्रॅकवरही पकडीसाठी ते फासतात. आणि त्याच्याही खाली तिसरा, जो अण्णांनी माझ्याआधी ओळखला. जळलेल्या वार्निशचा.

मुख्य ट्रॅकने जवळजवळ अख्खा हॉल व्यापला होता. अशा ट्रॅकना किंग म्हणतात. साठच्या दशकात एका अमेरिकन कंपनीने जे ठरावीक आराखडे केले त्यातला हा सर्वांत गाजलेला. आठ लेन, एका फेरीची लांबी १५५ फूट, कंबरेच्या उंचीवर उभा केलेला, एका टोकाला भिंतीसारखं कललेलं मोठं वळण. बाकीच्या वळणांनाही नावं आहेत. एक डेडमॅन, एक डोनट. आठ लेनचे आठ रंग ठरलेले असतात: लाल, पांढरा, हिरवा, नारिंगी, निळा, पिवळा, जांभळा, काळा. तरबेज लोकांच्या विंग कार, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात वेगवान गाड्या, ही १५५ फुटांची फेरी दोन सेकंदांच्या आत मारतात. हिशेब करून बघा, ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे जातो, आणि हा खरा वेग आहे, मापाने वाढवून सांगितलेला नव्हे. सरावाला एक जण अशी गाडी घेऊन आला होता. डोळ्यांनी तिच्यामागे जाताच येत नाही. एक रंगीत रेघ आणि डासासारखा चढा आवाज, बस्स.

त्या गाड्यांची बॉडी मी हातात घेऊन बघितली. लेक्सान नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, कागदापेक्षा थोडा जाड. रंग आतून लावतात म्हणजे धडकून घासली तरी रंग खरवडत नाही. पण आतून रंगवायचं म्हणजे क्रम उलटा होतो. आधी बारीकसारीक पट्टे, आकडे, काचांच्या कडा, आणि सगळ्यात शेवटी मुख्य रंग. आमच्याकडे काचेवर देवांची चित्रं काढणारे चित्रकार असंच काम करायचे, आधी डोळ्यातली बाहुली आणि मग चेहरा.

ईशानने भाड्याची गाडी आणि कंट्रोलर घेतला. कंट्रोलरला तीन वायरी: पांढरी, काळी, लाल, प्रत्येकीच्या टोकाला चिमटा. ट्रॅकच्या कडेला आपल्या लेनसमोर तीन खुंट्या असतात, तिथे त्या लावायच्या. पांढरी वीज आणते, काळी ट्रॅककडे नेते. लाल कशाला, हे ईशानने विचारायच्या आधी अण्णांनी वाकून वायर कुठे जाते ते बघितलं आणि सांगितलं, “ब्रेकला.” ट्रिगर पूर्ण सोडला की मोटरची दोन्ही टोकं लाल वायरीतून एकमेकांना जोडली जातात. मोटर फिरत असते, वीज बंद झालेली असते, म्हणजे आता तीच जनित्र होते आणि स्वतःच तयार केलेल्या करंटच्या ओढीने थांबते. क्रेनच्या मोटरी असंच थांबवतात, हे त्यांनी नातवाला दोन वाक्यांत समजावलं. नातवाला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यानंतर ट्रिगर अर्धवट सोडून चालत नाही, सोडायचा तर पूर्ण सोडायचा, हे त्याच्या बोटाला कळलं.

इथल्या गाड्यांना चुंबक नव्हतं. पहिल्या वळणालाच ईशानची गाडी उडाली. दुसऱ्यांदाही तिथेच. तिसऱ्यांदा जरा पुढे. तो चिडला, मग गप्प झाला, मग खालचा ओठ दातात धरून हळू चालवायला लागला. मुलांना हळू चालवायला सांगून कधीच चालवता येत नाही. वळणाने सांगितलं की चालवतात.

अण्णांसाठी मी एक खुर्ची ओढून आणली होती. ते तिच्यावर फार वेळ टिकले नाहीत. हॉलच्या मागच्या भिंतीला लांब टेबलं होती, जिथे नेहमीचे लोक आपापली खोकी उघडून बसतात. खोकं म्हणजे मेकॅनिकची पेटीच: सोल्डरिंग गन, बारीक पाने, टायर घासायचं यंत्र, गिअरच्या डब्या, कार्बन ब्रशच्या पुड्या. अण्णा हात मागे बांधून एकेका टेबलाशी उभे राहत पुढे सरकत होते. एका टेबलावर जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक गृहस्थ मोटर उघडून बसले होते. वय अण्णांच्या आसपास. मोटरची कॅन, म्हणजे बाहेरचं कवच, बाजूला; आर्मेचर, म्हणजे आतला तार गुंडाळलेला फिरणारा भाग, पुढ्यात, आणि आर्मेचर काळंठिक्कर. अण्णा थांबले. गृहस्थांनी वर बघितलं, यांच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यांनी ते आर्मेचर उचलून सरळ अण्णांच्या तळहातावर ठेवलं.

मी दुभाषी म्हणून धावले. माझी फारशी गरज पडली नाही. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते अंगठाभर लांबीचं आर्मेचर डोळ्याजवळ धरून फिरवलं. तार गुंडाळलेले तीन पोल, आणि टोकाला तीन सेगमेंटचा कॉम्युटेटर, ज्याच्यावर कार्बन ब्रश घासून तारेला वीज देतात. एका सेगमेंटवर बोट ठेवून त्यांनी काळा डाग दाखवला, मग ब्रशची स्प्रिंग मागितली, ती दाबून बघितली आणि मान हलवली. ब्रश अडकत होता, ठिणगी पडत होती, एक कॉइल तापत गेली. गृहस्थ “येस, येस” म्हणत होते. मग अण्णांनी आणखी एक गोष्ट ओळखली, तिचा मला आजही अभिमान वाटतो. कॉम्युटेटर पोलच्या सरळ रेषेत नव्हता, किंचित वळवून बसवला होता. “हे मुद्दाम केलंय,” ते मला म्हणाले, “गाडी मागं जायचीच न्हाई, मग एकाच दिशेला जोर काढायला हे असं करत्यात.” मी हे इंग्रजीत सांगितल्यावर गृहस्थांनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली.

तारेच्या जाडीवरून मात्र वाद झाला. गृहस्थ म्हणाले, ही साधी १६डी जातीची मोटर, प्रत्येक पोलवर ३० गेज तारेचे ७० वेढे. अण्णा म्हणाले, सत्तर असतील, पण ही तीस नंबर न्हाई, तेहेतीस आहे. गृहस्थ हसून म्हणाले, तीसच. अण्णा म्हणाले, चाळीस वर्षं हीच तार बोटातून गेलीया. शेवटी एक जळकं टोक सोडवून, ब्लेडने वरचं इनॅमल खरवडून, कॅलिपरमध्ये धरलं. एक इंचाचा शंभरावा भाग. “धा थाउ,” अण्णा म्हणाले, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, “झालं की तेहेतीस.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अमेरिकेत तारेचं गेज वेगळं आणि आपल्याकडे चालतं ते इंग्लंडचं वेगळं. अमेरिकेची ३० नंबरची तार ०.२५५ मिलिमीटर भरते, आपली ३० नंबरची ०.३१५. यांची तीस म्हणजे आपली तेहेतीस. दोघंही बरोबर होते, आणि दोघांनाही त्याचा सारखाच आनंद झाला.

त्यानंतर गृहस्थांनी पेटीच्या तळातून एक लाकडी ठोकळा काढला. त्यात दाढीची दोन ब्लेडं समांतर उभी रोवलेली होती. ही आर्मेचर तोलायची जुनी पद्धत. आर्मेचरची शाफ्ट दोन्ही ब्लेडांच्या धारेवर आडवी ठेवायची, हात काढायचा. जी बाजू जड ती हळूच खाली येऊन थांबते. तिथून पोलचा पत्रा किंचित कमी करायचा, पुन्हा ठेवायचं. कुठेही ठेवलं तरी जागचं हलेनासं झालं की तोललं गेलं. मिनिटाला हजारो फेरे घेणारी वस्तू, तोल नसेल तर बेअरिंग खाते, तार सुटते. आता हे काम यंत्रावर होतं, आणि नव्या आर्मेचरच्या पोलांवर ड्रिलने पाडलेले बारीक खड्डे दिसतात ते त्यासाठीच. अण्णांनी नवं आर्मेचर मागून घेऊन ते खड्डे बोटाने चाचपले. मग जुनं ब्लेडांवर ठेवलं. ते लगेच गडगडलं. त्यांनी फिरवून पुन्हा ठेवलं. पुन्हा तीच बाजू खाली. असे ते दोघं किती वेळ त्या ठोकळ्यावर वाकून होते, मला सांगता येणार नाही. खुर्ची मी परत नेऊन ठेवली.

काउंटरवर मालक होते. शाळकरी वयापासून ते रेसवेवर येत असत. साठच्या दशकाच्या मध्यावर हे वेड अमेरिकाभर पसरलं होतं. हजारोंनी रेसवे निघाले, बोलिंगच्या हॉलमध्ये, दुकानांच्या तळघरांत, जागा मिळेल तिथे. जपानच्या माबुची कंपनीच्या छोट्या मोटरी या गाड्यांत बसायच्या. आणि मग हे सगळं चार-पाच वर्षांत ओसरलं. १९७० उजाडेपर्यंत बहुतेकांना टाळी लागली होती. ब्रुकलिनमध्ये १९६५ साली सुरू झालेलं बझ-अ-रामा हे न्यूयॉर्क शहरातलं शेवटचं उरलं होतं. करोनाच्या काळात त्याचे मालक वारले आणि तेही गेलं.

असं का झालं, याला मालकांनी दिलेलं उत्तर मला पटलं. गाड्या फार वेगवान झाल्या. दर महिन्याला नवी मोटर, नवी चासी. ज्याच्या खिशात पैसे तो जिंकणार. नवा मुलगा भाड्याची गाडी घेऊन यायचा, त्याच्या शेजारच्या लेनमधून ती रंगीत रेघ जायची, दोन वेळा येऊन तो तिसऱ्यांदा यायचा नाही. म्हणून यांनी शनिवारी दुपारी नवशिक्यांची शर्यत ठेवली आहे. त्यात सगळ्यांना रेसवेच्याच गाड्या, एकाच मोटरच्या, एकाच टायरच्या.

या शर्यतीची रीत ऐकून घ्या, कारण माझा जीव जडला तो तिच्यावर. आठही लेन सारख्या नसतात. कडेच्या लेन अवघड, मधल्या सोप्या. म्हणून प्रत्येकाला प्रत्येक लेनवर सारखाच वेळ चालवावं लागतं. तीन मिनिटं झाली की वीज बंद होते, गाड्या जिथल्या तिथे थांबतात, आणि सगळे एक घर सरकतात: लाल, हिरवा, निळा, जांभळा, मग काळा, पिवळा, नारिंगी, पांढरा. आठ डाव झाले की ज्याच्या एकूण फेऱ्या जास्त तो पहिला. वाईट लेन कुणालाही चुकत नाही आणि चांगली कुणाचीच जहागीर नसते.

आणि दुसरं म्हणजे मार्शल. प्रत्येक वळणावर एक माणूस उभा असतो. गाडी उडाली की ती उचलायची, तिच्यावरच्या रंगाच्या टिकलीकडे बघायचं, त्याच रंगाच्या खाचेत ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. दोन सेकंदांचं काम, पण त्या दोन सेकंदांवर शर्यती जातात. हे मार्शल पगारी नसतात. पहिला गट शर्यतीत असताना दुसऱ्या गटाने वळणांवर उभं राहायचं, मग अदलाबदल. लहानपणी खेळात राज्य यायचं ना, आणि ते टाळणाऱ्याला पुन्हा कुणी खेळायला घ्यायचं नाही, तसं. म्हणजे आत्ता ज्याच्याशी तुमची चुरस आहे, त्याचीच गाडी थोड्या वेळाने तुम्हाला उचलून द्यायची असते, आणि तुमची त्याने. मोठमोठ्या स्पर्धांतही हाच नियम आहे. मोटार शर्यतीतलं यापेक्षा शहाणं काही मला माहीत नाही.

मुलं आठ होती, दुसरा गट नव्हता, म्हणून वळणं पालकांकडे आली. मला कललेलं वळण मिळालं, जिथे काम सगळ्यात कमी. डोनटला माणूस कमी पडत होता. मालकांनी हॉलभर नजर फिरवली. मी ‘माझे वडील पाहुणे आहेत’ वगैरे म्हणायच्या आत अण्णा ब्लेडांच्या ठोकळ्यावरून उठून डोनटपाशी जाऊन उभे राहिलेही होते. बाह्या कोपरापर्यंत वर. चष्मेवाल्या गृहस्थांनी त्यांना हातवाऱ्यांनी शिकवलं: आधी दुसऱ्यांच्या लेन अडवून पडलेली गाडी, मग बाकीच्या. येणाऱ्या गाडीपुढे हात घालायचा नाही. कुणाच्या बाजूने बघायचं नाही.

पहिल्या डावात डोनटला गाड्यांचा पाऊस पडला. अण्णांना रंगांच्या टिकल्या बघायला सुरुवातीला वेळ लागत होता, मग तो लागेनासा झाला. मी लांबून बघत होते. वाइंडिंगवाल्याचे हात. कॉइल स्लॉटमध्ये उतरवताना बोटं जशी चालतात तशी ती चालत होती: उचल, फिरव, बसव, सोड. गाडी खाचेत पडताना टक असा आवाज येतो, तो एका ठोक्यात यायला लागला. एकदा एक गाडी पातं निसटून चुकीच्याच लेनवर स्वार होऊन पुढे निघाली. अशा वेळी ‘ट्रॅक!’ ओरडायचं असतं, म्हणजे वीज बंद करतात. अण्णा ओरडले. आमच्या दुकानात जनरेटर सुरू असताना दुसऱ्या टोकाच्या पोराला हाक मारायचा आवाज होता तो. हॉलमधलं सगळं जागच्या जागी थांबलं.

पाचव्या डावात ते झालं. ईशान काळ्या लेनवर होता, सगळ्यात बाहेरच्या, आणि दुसऱ्या नंबरावर होता. पिवळ्या लेनवरची एक मुलगी त्याच्या किंचित मागे. दोन्ही गाड्या डोनटला एकदमच उडाल्या. ईशानची अण्णांच्या हाताशी येऊन पडली, अगदी समोर. त्या मुलीची पलीकडे, दोन लेन अडवून आडवी. ईशान तिकडून “आजोबा! आजोबा!” ओरडत होता. अण्णांनी समोरच्या गाडीवरून हात पुढे नेला, त्या मुलीची गाडी उचलली, पिवळी खाच शोधून बसवली, आणि मग नातवाची. ती मुलगी पुढे गेली आणि शेवटपर्यंत पुढेच राहिली. ईशान तिसरा आला.

परत येताना तो मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसला होता. डेलावेअरचा पूल येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग त्याने विचारलं, माझी गाडी जवळ होती, तरी तिची का आधी ठेवली?

अण्णा म्हणाले, “तिची आडवी पडलेली. मागनं दोन पोरांच्या गाड्या येत हुत्या. तुझी ठेवत बसलो असतो तर त्या दोघांच्या उडाल्या असत्या.”

“पण मी तुमचा नातू आहे.”

“तिथं न्हवतास,” अण्णा म्हणाले. “तिथं तू काळा हुतास.”

मला वाटलं आता रडारड होणार. पण अण्णा थांबले नाहीत, त्याच दमात त्याला डोनटचा हिशेब सांगायला लागले. आठ डाव त्या वळणावर उभं राहिल्यावर प्रत्येक गाडी कुठे डगमगते ते त्यांना पाठ झालं होतं, ट्रिगर धरणाऱ्याला ते कधी दिसत नाही. तू वळणात शिरल्यावर सोडतोस, ती पोरगी शिरायच्या आधी सोडते आणि अर्ध्यातनं पुन्हा धरते. म्हणून तिची शेपटी हलत न्हाई. मधल्या लेनवर तुझं चालून जातं, काळ्यावर न्हाई, त्या लेनवर शेपूट ट्रॅकच्या पार कडेला जातं. ईशान हळूहळू पुढे झुकला आणि दोन्ही सीटच्या मधून डोकं घालून ऐकायला लागला. त्याचे प्रश्न सुरू झाले. निळ्यावर बरोबर होतं का? पांढऱ्यावर? त्या लाल टोपीवाल्या मुलाचं काय चुकत होतं?

अण्णांच्या शर्टाच्या खिशात टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेलं ते जळकं आर्मेचर होतं. गृहस्थांनी ते त्यांना देऊन टाकलं होतं, आणि पुढच्या शनिवारी भरून आणलंत तर माझ्याच गाडीत बसवून बघू, असं सांगितलं होतं. अण्णांना आता इनॅमलची तार हवी होती, वार्निश हवं होतं आणि दाढीची दोन जुन्या पद्धतीची ब्लेडं हवी होती. तेहेतीस नंबरची तार इथं कुठं मिळंल, त्यांनी मला विचारलं.

“आजोबा, दुकानात तीस सांगायचं,” ईशान म्हणाला.

मी घरी पोचल्यावर मागवली. पाव पौंडाचं रीळ मंगळवारी आलं, आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तेव्हापासून अण्णांचा आहे.